फळा दिसतो, पुस्तक निसटते

शाळेतली डोळ्यांची तपासणी वीस फुटांवर होते, अभ्यास हातभर अंतरावर. भिंतीवर उलटसुलट इंग्रजी 'ई'चा तक्ता, जमिनीवर खडूची रेघ, एक डोळा तळहाताने झाकायचा आणि 'ई'चे तोंड कुणीकडे ते बोटांनी दाखवायचे. 6/9 ची, म्हणजे तक्त्यावरची बारीक ओळ जमली की लेकरू पास, रजिस्टरवर 'दृष्टी सामान्य'. तीन महिन्यांनी त्याच लेकराच्या प्रगतिपुस्तकात शेरा पडतो: 'हुशार आहे, पण ध्यान नाही.'

हा दुसरा शेरा लिहिण्याआधी, आणि 'एडीएचडी' (ध्यान न टिकणे आणि अतिचंचलता हा विकार) हा शब्द तोंडातून काढण्याआधी तर नक्कीच, पहिली तपासणी अपुरी होती हे मान्य करून जवळची नजर तपासावी, असे आमचे म्हणणे आहे. त्याला जोडूनच हेही सांगायला हवे की डोळ्यांचे व्यायाम करून एडीएचडी बरा होतो असे कुणी सांगत असेल, तर पाकीट खिशातच ठेवावे.

तक्त्याची चाचणी वाईट नाही. लांबचे न दिसणारे मूल ती बरोबर पकडते आणि त्याला चष्मा मिळतो. पण ती एकेका डोळ्याची, लांबवरची, काही सेकंदांची परीक्षा आहे. वाचन हे दोन्ही डोळ्यांनी मिळून, जवळ, सलग अर्धा तास करायचे काम. लांब बघताना डोळे जवळजवळ समांतर असतात. पुस्तक 33 सेंटिमीटरवर आले की दहा वर्षांच्या मुलाच्या दोन्ही डोळ्यांना मिळून नऊ-साडेनऊ अंश आत वळावे लागते, शिवाय डोळ्यातल्या भिंगाला तीन डायॉप्टरचा (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद मोजायचे एकक) जोर लावावा लागतो. ओळ संपेपर्यंत हे वळण टिकवायचे, संपली की उडी मारून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला यायचे, तिथे पुन्हा जुळवायचे. जोडीतला एक बैल सारखा बाहेर ओढत असला की तास सरळ येत नाही, तशातली गत.

ज्यांचे डोळे जवळच्या कामात बाहेरच्या बाजूला सरकू पाहतात आणि त्यांना आत ओढून धरण्याची ताकद अपुरी पडते, त्यांच्या दोषाला कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी म्हणतात. हा नेहमीचा तिरळेपणा नव्हे; समोरच्याला डोळे सरळच दिसतात, म्हणून घरच्यांना, गुरुजींना, कधी घाईतल्या डॉक्टरलाही पत्ता लागत नाही. पहिली पाच मिनिटे लेकरू नीट वाचते. मग अक्षरे पुसट होतात, एकावर एक चढतात, अनुस्वार आणि मात्रा आधी हरवतात, ओळ सुटते. "अक्षरं पळायलेत" असे एखादेच लेकरू बोलून दाखवते. बाकीच्यांना वाटते, सगळ्यांना असेच दिसत असेल. ती कपाळ चोळतात, एका डोळ्यावर हात धरून वाचतात, मान वाकडी करतात आणि शेवटी खिडकीबाहेर बघत बसतात. बाईंच्या लेखी खिडकीबाहेर बघणे हा बेध्यानपणाचा पुरावा. डोळ्यांच्या लेखी ती सुट्टी, कारण लांब बघताच आत ओढायचे कामच उरत नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या डीएसएम-5 नियमावलीत बेध्यानपणाची नऊ लक्षणे दिली आहेत. मुलांमध्ये त्यांतली किमान सहा, सहा महिने टिकलेली, बारा वर्षांच्या आधीपासून काही ना काही दिसलेली आणि दोन किंवा अधिक ठिकाणी जाणवणारी असावी लागतात. नऊपैकी चार तरी थकलेल्या डोळ्यांतूनही निघू शकतात: निष्काळजी चुका, काम अर्धवट सोडणे, डोके लावून बराच वेळ करायचे काम टाळणे, हातातले काम टाकून मन दुसरीकडे जाणे. मात्र कंपासपेटी सतत हरवणे, दिलेला निरोप विसरणे, रांगेत न थांबणे, दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडणे, यांचा डोळ्यांशी काही संबंध नाही.

'दोन ठिकाणी' ही अट आपल्याकडे सर्वांत आधी गळते. एक ठिकाण शाळा, दुसरे घर, कारण आई सांगते, "घरीबी अभ्यासाला बसंना." ठिकाणे दोन झाली खरी, पण काम एकच राहिले: पुस्तक. सप्ताहाच्या कीर्तनात दोन तास बसून आलेले, महाराजांनी सांगितलेला दृष्टान्त घरी जसाच्या तसा सांगणारे लेकरू धड्याच्या दहा ओळींना कंटाळत असेल, तर डोळ्यांकडे आधी बघावे. अर्थात कीर्तनावरून निकाल लावता येत नाही. एडीएचडी असलेले मूलही आवडीच्या गोष्टीत तासभर रमते. म्हणून कस लावायचा तो कंटाळवाण्या, पण डोळ्यांवर जवळचा ताण नसलेल्या कामाचा. सतराचा पाढा तोंडी म्हणायला लावा. दुकानातून तीन वस्तू आणायला सांगा, चिठ्ठी न देता. धडा दुसऱ्याने वाचायचा, लेकराने नुसता ऐकायचा आणि प्रश्नांची उत्तरे द्यायची. इथेही तसाच गोंधळ असेल तर दोष केवळ डोळ्यांचा नाही. ऐकून उत्तरे चोख आणि वाचून शून्य, असे असेल तर दोन शक्यता उरतात: डोळे, किंवा वाचनच न येणे. शाळा बुडालेल्या, अजून जोडाक्षरापाशी अडखळणाऱ्या मुलाला पाचवीच्या धड्यात गोडी वाटत नाही, यात आजार शोधायचे कारण नाही. कमी ऐकू येणे, रक्त कमी असणे आणि रात्रीची अपुरी झोप या गोष्टीही त्याच दिवशी विचारून घ्याव्यात.

दोन्ही दोषांचे नाते किती खरे? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत डेव्हिड ग्रॅनेट आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये कन्व्हर्जन्सचा दोष असलेल्या 266 रुग्णांच्या नोंदी चाळल्या. त्यांतल्या 26 जणांना, म्हणजे 9.8 टक्क्यांना, कधी ना कधी एडीएचडीचे निदान झालेले होते. सर्वसाधारण लोकसंख्येसाठी त्यांनी धरलेल्या प्रमाणाच्या हे सुमारे तिप्पट. उलट बाजूने, एडीएचडीच्या रुग्णांत हा दोष सुमारे 16 टक्के आढळला. हे आकडे व्हिजन थेरपीच्या, म्हणजे डोळ्यांच्या व्यायामाच्या, जाहिरातींत फार फिरतात आणि फिरताना त्यांचा अर्थ बदलतो. जुन्या नोंदींवरून केलेला हा अभ्यास दोन गोष्टी सोबत आढळतात एवढे सांगतो. कोणामुळे कोण, ते सांगत नाही. डोळ्याच्या त्रासाला एडीएचडी समजले गेले असेल. एडीएचडीमुळे डोळे जुळवून धरायला लागणारे अवधानच कमी पडत असेल. किंवा दोन्ही दोष एकाच मुलात स्वतंत्रपणे असतील. चौथीही शक्यता आहे: चाचणी देताना लेकरू समोर धरलेल्या पेन्सिलीच्या टोकाकडे बघतच नाही आणि आपण त्याचे डोळे कमजोर ठरवतो.

उपचारांचे पुरावे याहून पक्के आहेत आणि व्यायामाच्या समर्थकांना आणि विरोधकांना, दोघांनाही अडचणीत टाकणारे आहेत. 2008 मध्ये अमेरिकेत 9 ते 17 वयाच्या 221 मुलांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. दवाखान्यात दर आठवड्याला तासभर आणि घरी रोज पंधरा मिनिटे सराव करणाऱ्या गटात 73 टक्के मुले बरी झाली किंवा स्पष्ट सुधारली. घरी नुसती पेन्सिल नाकाजवळ आणणाऱ्यांत 43 टक्के, घरी संगणकावर आणि पेन्सिलीने सराव करणाऱ्यांत 33 टक्के आणि लुटुपुटूचा (तुलनेसाठी दिलेला, खरा परिणाम नसलेला) उपचार घेणाऱ्यांत 35 टक्के. म्हणजे डोळ्याचा हा दोष सुधारतो, पण 'घरी पेन्सिल बघत जा' एवढ्या सल्ल्याने फारसा नाही. पुढे 2019 मध्ये 9 ते 14 वयाच्या 311 मुलांवर सोळा आठवड्यांच्या चाचणीत वाचनाचे आकलन तपासले. खरा उपचार आणि लुटुपुटूचा उपचार यांत फरक निघाला नाही. पालकांनी नोंदवलेल्या लक्ष देण्याच्या वागणुकीतही खरा उपचार सरस ठरला नाही.

यातून आम्ही काढतो तो निष्कर्ष असा. डोकेदुखी, दोन दिसणे, डोळे ओढल्यासारखे होणे यांसाठी उपचार करावा आणि तेवढ्यासाठीच करावा. दुखणे थांबणे हेच मोठे काम आहे. त्याला गुण वाढण्याचे आमिष लावायची गरज नाही. पुण्या-मुंबईची व्हिजन थेरपीची पॅकेजे आता संभाजीनगर-लातुरातही 'एकाग्रता वाढवा' म्हणून येतील, तेव्हा 2019 चा हा निकाल पालकांनी लक्षात ठेवावा. आणि ज्या मुलाचे एडीएचडीचे निदान नीट झाले आहे, त्याचे औषध डोळ्यांच्या व्यायामाच्या भरवशावर बंद करू नये. मेथिलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाने काही जणांना जवळचे पुसट दिसू शकते, हे मात्र डॉक्टरांना सांगावे.

मराठवाड्यात आरोग्यसेवेत 'डोळे' म्हटले की मोतीबिंदू. शिबिरे त्याचीच, गाड्या त्याच्याच, आणि त्या कामाने हजारो म्हाताऱ्यांना दिसू लागले, हे मोठेच. मुलांच्या जवळच्या नजरेला त्या यंत्रणेत जागा नाही. खरे तर जागा करायला नवी योजना लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्याच्या फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. पथकाने वर्षातून एकदा शाळेत यायचे असते. त्यांच्या यादीत दृष्टिदोषही आहे, अध्ययनातला दोषही आहे आणि एडीएचडीही. तिन्ही वेगवेगळ्या चौकटींत, आणि एका चौकटीवर खूण झाली की दुसरीकडे बघा असे कुठे म्हटलेले नाही. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासणारा तज्ज्ञ) आणि मानसशास्त्रज्ञ एकाच छताखाली असावेत, असे याच कार्यक्रमाच्या आराखड्यात आहे. दोन्ही पदे भरलेली असतील, तर हा प्रश्न एका फेरीत सुटतो.

मग सगळ्याच मुलांची जवळची नजर तपासावी का? आमचे उत्तर 'नको' असे आहे. तामिळनाडूत शाळकरी मुलांच्या एका मोठ्या पाहणीत दोन्ही डोळ्यांच्या समन्वयाचे कुठले ना कुठले दोष शहरात आणि खेड्यात साधारण 30 टक्के निघाले, एकटी कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी 16-17 टक्के. दोनशे पटाच्या शाळेत हेच प्रमाण धरले, तर तीसहून जास्त लेकरांच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या निघतील. त्यांतल्या बऱ्याच जणांना काही त्रासच होत नसेल. किनवटहून नांदेड किंवा परांड्याहून धाराशिव गाठायचे म्हणजे आईबापाची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे. विनाकारण दोनदा हेलपाटा पडला की तिसऱ्या वेळी, खरी गरज असताना, कुणी येत नाही. म्हणून तिसरीपासून पुढे, ज्या मुलांच्या नावापुढे गुरुजी 'ध्यान नाही' लिहिणार आहेत, तेवढ्यांचीच तपासणी. वर्गात चार-पाच नावे निघतात.

त्यासाठी लागते ती आइस्क्रीमची काडी, तिच्यावर काळ्या पेनाने काढलेले पुस्तकातल्या अक्षराएवढे एक अक्षर आणि तीस सेंटिमीटरची पट्टी. चष्मा असेल तर तो घालूनच बसवायचे. उजेड लेकराच्या मागून यावा. काडी 40 सेंटिमीटरवरून, डोळ्यांच्या किंचित खालच्या पातळीवर धरून, सेकंदाला एक-दोन सेंटिमीटर या वेगाने नाकाच्या मुळाकडे आणायची. "अक्षर एक आहे तोवर बघत राहा, दोन झाली की सांग." दोन झाली तिथे थांबून अंतर मोजायचे, मग काडी मागे नेत पुन्हा एक कुठे होते तेही. सहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब अक्षर फुटत असेल तर शंका घ्यावी. तीनदा मोजावे, आणि तिन्ही आकडे लिहावेत. 5, 8, 12 असे लांबत जाणारे आकडे हीच या दोषाची खूण असते. एकदाच मोजणाऱ्याला 5 मिळतात आणि तो 'नॉर्मल' लिहून मोकळा होतो.

चुका ठरलेल्या आहेत. काडीऐवजी बोट धरले जाते. बोटावर नजर रोखायला बारीक काही नसते, त्यामुळे आकडा बेभरवशाचा येतो. काडी भरभर आणली जाते. "दोन दिसायलेत का?" असे सारखे विचारले की लेकरू गुरुजींना बरे वाटावे म्हणून "हो" म्हणते. 'पुसट' आणि 'दोन' यांची गल्लत होते. आधी दोन काड्या शेजारी धरून 'दोन' म्हणजे काय ते दाखवावे. सर्वांत फसवे मूल ते, ज्याला कधीच दोन दिसत नाहीत, कारण मेंदूने एका डोळ्याचे चित्र बंद केलेले असते. म्हणून तपासणाऱ्याची नजर काडीवर नव्हे, लेकराच्या डोळ्यांवर हवी. एक डोळा बाहेर सटकला की तिथे मोजावे, लेकरू काहीही म्हणो. आणि लेकराने मानच फिरवली, तर तो आकडा धरू नये. पाणी प्यायला पाठवून पुन्हा घ्यावा.

याला दोन जोड द्याव्यात. धड्याचे एक पान दोन्ही डोळ्यांनी वाचायला लावावे, मग एका डोळ्यावर पुठ्ठा धरून दुसरे. झाकून वाचताना अक्षरे स्थिर राहिली, ओळ सुटली नाही, तर गोष्ट दोन डोळ्यांच्या जुळवणीची आहे. दुसरी जोड त्रासाच्या प्रश्नावलीची. 2008 च्या चाचणीत वापरलेल्या प्रश्नावलीत पंधरा प्रश्न आहेत, प्रत्येकाला 0 ते 4 गुण; 9 ते 17 वयात 16 किंवा अधिक बेरीज आली तर त्रास आहे असे धरतात. प्रश्न मुलाच्या हाती कागद देऊन नव्हे, बोलीत विचारावेत: "वाचताना डोस्कं दुखतं का? रोज, का कधीमधी?" मात्र त्यांतले काही प्रश्न वाचलेले लक्षात न राहणे, एकाग्रता जाणे यांबद्दलच आहेत. एडीएचडीचे मूल चांगल्या डोळ्यांनिशीही तिथे गुण जमवते. म्हणून नुसत्या बेरजेवर चिठ्ठी देऊ नये. काडी आणि बेरीज दोन्हींत अडकले तरच द्यावी.

एक अपवाद. दोन दिसणे अचानक, ताप किंवा डोक्याच्या मारानंतर सुरू झाले असेल, लांबचेही दोन दिसत असेल, किंवा सकाळी उठताना डोके दुखून उलटी होत असेल, तर काडी-पट्टी बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा.

दवाखान्यात गेल्यावर पालकांनी एक गोष्ट मागून घ्यावी: थेंब टाकून चष्म्याचा नंबर. लहान मुलाच्या डोळ्यातले भिंग इतके लवचीक असते की अधिक नंबर असूनही ते जोर लावून 6/6 वाचून दाखवते. थेंबाने तो जोर सैल पडला की खरा नंबर कळतो. पुष्कळदा तेवढ्या चष्म्यावरच काम भागते. नुसता प्रिझमचा वाचायचा चष्मा मात्र मुलांमध्ये साध्या चष्म्याहून सरस ठरलेला नाही.

उपचाराचे गणित आपल्याकडे अवघड आहे, हे कबूल. दर आठवड्याला संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात येणे खेड्यातल्या घराला झेपणार नाही, आणि घरच्या एकट्या पेन्सिलीचा निकाल वर दिलाच आहे. आम्हाला सुचते ती तडजोड अशी: निदान जिल्ह्याला, मग पंधरा दिवसांतून एकदा जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्याकडे, आणि रोजची पंधरा मिनिटे शाळेत, परिपाठानंतर, एका शिक्षकाच्या नजरेखाली. साधन म्हणजे दीड मीटर दोरी आणि तीन रंगांचे मणी, 20, 40 आणि 100 सेंटिमीटरवर. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरे नाकाशी. जवळच्या मण्याकडे बघताना तो मणी एक आणि दोरी मात्र दोन, मण्यापाशी फुलीसारखी छेदणारी दिसली पाहिजे. फुली मण्याच्या पलीकडे पडली, तर डोळे पुरेसे आत आलेले नाहीत. दोरी एकच दिसली, तर एक डोळा बंद पडला आहे. तिथे नुसता सराव रेटू नये, अधिकाऱ्याला कळवावे. पेन्सिलीपेक्षा दोरी बरी ती यासाठीच: लेकरू चुकीचे करत असेल तर ते समजते. पहिल्या आठवड्यात डोळे अधिक दुखतात आणि बहुतेक जण तिथेच सोडतात, हे आधीच सांगून ठेवावे.

लातूरच्या क्लासमधली मोठी पोरे हा वेगळा विषय आहे. दिवसाचे दहा-बारा तास जवळ बघणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलात आजवर दबलेला दोष वर येतो आणि त्याला 'टेन्शन' म्हणतात. त्यांना वरची काडीची चाचणी जशीच्या तशी लागू आहे.

आता वेळ. शाळा जूनच्या मध्यात भरते. नावे पहिल्या पंधरवड्यात काढली, जुलैच्या पहिल्या आठवड्यात निदान झाले, तर बारा आठवडे सप्टेंबरअखेर पुरे होतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, धाराशिव, जालन्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही लेकरे हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापासोबत जातात. पथकाची भेट डिसेंबरात ठेवली, तर यादीतले नेमके हे लेकरू त्या दिवशी कोपीपाशी (ऊसतोड्यांच्या खोपटापाशी) धाकट्याला सांभाळत असते. तिन्ही आकडे, तारीख, चष्म्याचा नंबर आणि प्रश्नावलीची बेरीज एका कार्डावर लिहून ते शाळेच्या कपाटात न ठेवता आईच्या हाती द्यावे. मार्चमध्ये साखरशाळेतल्या बाईंनी काडी धरली, तर ताडून बघायला जुने आकडे तिथे असतील.